सासऱ्यांची आंघोळ आणि माझी वीज

आमच्या घरात वीज दोनदा आली. दुसऱ्यांदा आली ती सरकारी. पहिल्यांदा आली ती मी स्वतः तयार केलेली होती आणि ती एकंदर सोळा दिवस टिकली. त्यातले पंधरा दिवस घरी कुणी पाहुणा आला नाही, म्हणून टिकली!

साठीच्या दशकाची सुरुवात होती. आमचं घराणं तीनशे वर्षांपूर्वी कुणाच्या तरी फौजेमागून बंगळूरला आलं आणि पेटेतल्या, म्हणजे जुन्या बाजारपेठेतल्या, एका गल्लीत जे बसलं ते बसलंच. एवढ्या पिढ्यांत तिथून हललो तो मी एकटा. जयनगरला नवी वस्ती होतेय, हवा मोकळी आहे, असं ऐकून मी तिथे घर बांधलं. हवा खरोखरच मोकळी होती. तिला अडवायला काही नव्हतंच! एक आमचं घर, एक शेजारच्या नंजुंडय्यांचं, पुढे नाचणीचं शेत आणि शेतात साप. रस्ता यायचा होता, नळ यायचा होता, वीज यायची होती. जे जे यायचं होतं त्या सगळ्याच्या आधी आम्ही येऊन बसलो होतो.

आम्ही म्हणजे मी, माझी बायको वत्सला आणि अक्का. अक्का ही माझी थोरली बहीण, माझ्याहून सोळा वर्षांनी मोठी. बिचारी लवकर विधवा झाली, आणि आई गेल्यावर मला तिनेच वाढवलं. मी तेव्हा तिशीचा, एका कारखान्याच्या ड्रॉइंग ऑफिसात नोकरीला होतो. यंत्रांची चित्रं काढणं हे माझं काम. चित्रातलं यंत्र कधी बंद पडत नाही, त्यामुळे आपल्याला यंत्रातलं सगळं कळतं असा माझा ठाम समज झाला होता.

वत्सला पहिल्या बाळंतपणासाठी माहेरी, धारवाडला गेली. मुलगी झाली. बारशाला मी दोन दिवस जाऊन आलो. त्या दोन दिवसांत मुलगी एकूण सहा तास जागी होती आणि त्यातले पाच तास ती रडत होती. तरी परत येताना गाडीत मला दुसरं काही सुचेना. घरी आल्या आल्या पाळणा टांगला आणि तिसरा महिना संपायची वाट बघत बसलो. जाता-येता पाळण्याला झोका द्यायचो.

"सीनू, रिकामा पाळणा हलवू नये रे," अक्का म्हणायची.

मग मी नुसता बघत बसायचो.

तिसरा महिना संपला, आणि आलं ते सासऱ्यांचं पत्र. माझे सासरे, अप्पा, रिटायर्ड हेडमास्तर. त्यांच्या पत्रात खाडाखोड कधी नसायची, आणि दयामायाही. "आपल्या घरी अद्याप वीज नाही असे कळते. परिसरात साप व विंचू आहेत असेही कळते. सबब आपल्या घरी विजेचा दिवा लागेपर्यंत चि. वत्सला व नात येथेच राहतील."

सबब! कोर्टाने निकाल द्यावा तसा तो शब्द होता. मी तडक विजेच्या कचेरीत गेलो. तिथले साहेब फार प्रेमळ होते. "बरुत्ते सार, बरुत्ते," म्हणाले. येईल, येईल. मी विचारलं, कधी? "स्वल्प टाइम!" आता हा स्वल्प म्हणजे किती, हे बंगळुरात ब्रह्मदेवालाही सांगता यायचं नाही. तोपर्यंत माझी मुलगी धारवाडच्या शाळेत पहिलीत गेली असती.

त्याच रविवारी जुन्या सामानाच्या बाजारात मला रॉकेलवर चालणारा एक पंखा दिसला. मोडका होता, पण मी त्याच्याकडे असा बघत राहिलो की दुकानदारानेच मला स्टूल दिलं. खाली दिवा पेटवायचा आणि वर पंखा फिरायचा, वीजबीज काही लागायची नाही! तत्त्व इतकं सोपं की कुणालाही कळावं (मलासुद्धा कळलं). नळकांड्यात हवा कोंडायची. खालचं टोक तापवलं की ती फुगते, वरच्या टोकाला गार केली की आकसते. फुगली की दट्ट्या वर, आकसली की खाली. पुस्तकात याला स्टर्लिंग इंजिन म्हणतात. मी पंख्याची पाती काढली, तिथे चाक बसवलं, चाकावरून पट्टा घेतला आणि तो सायकलच्या डायनॅमोला जोडला. खालचा दिवा काढून तिथे स्वयंपाकघरातला स्टोव्ह ठेवला.

सायकलच्या डायनॅमोवर दोन दिवे चालतात. पुढचा पांढरा आणि मागचा लाल. म्हणून पुढचा मी पुढच्या खोलीत लावला आणि मागचा मागे, न्हाणीघरात. (सायकलचे नियम घराला लावू नयेत हे मला कुणी सांगितलं नव्हतं.) वर काचेची झुंबरासारखी टोपी घातली. बटण बसवलं. ते कशालाच जोडलेलं नव्हतं, पण बटण नसलेली वीज कोण खरी मानणार?

चाक फिरवलं आणि टुक टुक टुक करत इंजिन चालू झालं. दिवा लागला! मी एकटाच अंगणात नाचलो. नाच संपायच्या आत दिवा गेला. झालं असं, की खालचं टोक तापलं आणि त्याच्या संगतीने वरचंही तापलं. वर-खाली दोन्हीकडे सारखाच ताप म्हटल्यावर हवेने फुगायचं कुठे आणि आकसायचं कुठे? तेव्हा मला उमगलं, की या इंजिनात तापवणं हे काम स्टोव्हचं आहे आणि गार करणं हे काम माझं. पुढचे आठ दिवस मी तेच केलं. ओले पंचे गुंडाळले. तापकऱ्याच्या कपाळावर ठेवाव्यात तशा पट्ट्या बदलत बसलो. शेवटी वरच्या टोकाभोवती तेलाच्या डब्याचा पत्रा डाखून एक पोकळ कुडतं केलं आणि मागच्या अंगणात, न्हाणीघराच्या भिंतीलगत, पत्र्याचं मोठं पिंप ठेवलं. पिंपाच्या तळातून एका रबरी नळीने गार पाणी कुडत्यात यायचं आणि तापून दुसऱ्या नळीने पिंपात परत जायचं. पिंप गार आहे तोवर दिवा! सकाळी भरलं की संध्याकाळी दोन-तीन तास छान निभायचं.

आता अडचण अक्काची. तिला माझ्या यंत्रांचं वावडं होतं, आणि त्यात तिची चूक नव्हती. आदल्या वर्षी मी डोशाचं पीठ वाटायला आपोआप फिरणारा रगडा केला होता. तो फिरला खरा, पण एका जागी फिरला नाही. स्वयंपाकघरातून निघाला, पायरी उतरला आणि थेट तुळशीवृंदावनावर गेला. तेव्हापासून घरात नवं यंत्र आणायचं नाही अशी तिने मला तुळशीसमोर उभं करून शपथ घातली होती. जी काही तुळस उरली होती तिच्यासमोर.

"हे काय करून ठेवलंस रे सीनू?" पिंप बघून ती म्हणाली.

मी घाबरून तोंडाला येईल ते बोललो. "आंघोळीचं पाणी तापवायचं यंत्र आहे अक्का. बाळंतीण यायची, बाळ यायचं. त्यांना गरम पाणी नको?"

अक्काने पिंपात बोट बुडवलं. दोन-तीन तास चाललेलं इंजिन, पाणी चांगलं कोमट होतं. तिचा चेहरा असा उजळला की माझ्या दिव्याने लाजावं. "अय्यो, सरी रे! शहाणा झालास की! आणि तो खोलीतला दिवा कशाला?"

"तो असाच. यंत्र चालू आहे हे कळावं म्हणून."

"पण स्टोव्हचा उजेड तुझ्या दिव्यापेक्षा जास्त पडतोय की रे."

"तू त्याच्याकडे बघू नकोस अक्का."

तिने माझ्याकडून पिंपाला एक नळ बसवून घेतला आणि भिंतीतून तो न्हाणीघरात काढला. रोज सकाळी ती कौतुकाने त्या पाण्याने आंघोळ करायची. मी अप्पांना पत्र टाकलं: "वीज आली. दोन खोल्यांत दिवे आहेत." एकाच यंत्राबद्दल मी धारवाडला एक थाप मारली होती आणि घरात दुसरी. दोन्ही थापा पाचशे किलोमीटर अंतरावर होत्या तोवर सगळं सुरळीत चाललं.

उलट टपाली उत्तर आलं. गुरुवारी स्वतः अप्पा वत्सलेला आणि नातीला घेऊन येत होते. "व्यवस्था समाधानकारक आढळल्यास मी शुक्रवारी एकटा परत निघेन." आणि नाही आढळली तर तिघं परत निघतील, हे त्यांनी लिहिलं नव्हतं. हेडमास्तरांना नापासाचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही.

गुरुवारी संध्याकाळी पाचच्या सुमारास त्यांचा टांगा दारात थांबला. अप्पा उतरले. कोट, टोपी, धोतर, हातात छत्री. त्यांनी आधी डावीकडे बघितलं, मग उजवीकडे, मग वर आकाशात.

"काय ओ श्रीनिवासराव, खांब कुठं आहेत?"

"कसले खांब अप्पा?"

"विजेचे की."

खांब! गेला महिनाभर मी रात्रंदिवस विजेचा विचार करत होतो, पण विजेला खांब लागतात हे माझ्या डोक्यात एकदाही आलं नव्हतं. "भूमिगत आहे," मी म्हणालो.

"काय आहे?"

"तारा. जमिनीखालून घातल्यात."

"धारवाडला वरून आहेत की."

"इथे नवी पद्धत आहे अप्पा."

अप्पांनी खाली बघितलं. मग धोतराचा सोगा उचलून, एकेक पाऊल जपून टाकत, पाण्यातून चालल्यासारखे ते दारापर्यंत आले. मागून वत्सला उतरली. तिने माझ्याकडे असं बघितलं की मी लगेच घड्याळ बघायला लागलो. पण मग तिने मुलगी माझ्या हातात दिली. तीन महिन्यांत ती केवढी झाली होती! तिने माझा चष्मा ओढून काढला आणि तोंडात घातला. मला धड दिसत नव्हतं, आणि त्यात चष्म्याचा दोष थोडाच होता. भूमिगत काय, हिच्यासाठी मी पाताळातून वीज काढून आणली असती.

चहा होईपर्यंत अंधारून आलं. मी हळूच मागे जाऊन स्टोव्ह पेटवला, चाक फिरवलं आणि धावत पुढे येऊन ऐटीत बटण दाबलं. दिवा लागला. (म्हणजे लागलेलाच होता.) अप्पांनी खिशातून वर्तमानपत्र काढलं आणि दिव्याखाली धरलं. मग जरा वर धरलं. मग खुर्चीवर उभं राहून धरलं.

"बारीक आहे की ओ."

"संध्याकाळी दाब कमी असतो अप्पा."

"असेल. आणि हा टुक टुक आवाज कसला?"

"शेजारी नंजुंडय्या म्हणून आहेत. ते सुपारी कुटतात."

"इतका वेळ?"

"एकही दात नाही हो त्यांना."

अप्पांनी कणवेने मान हलवली. दिवा आहे, हे त्यांना नाकारता येत नव्हतं. ते खुर्चीवरून खाली उतरले, टोपी खुंटीला लावली आणि म्हणाले, "बरं. आता आंघोळ करतो. प्रवासाच्या अंगानं मी जेवत नाही." टोपी खुंटीला लागली म्हणजे अर्धी परीक्षा पास! मी त्यांना न्हाणीघरात नेऊन सोडलं.

"हा दिवा लाल का?"

"डोळ्यांना बरा असतो."

त्यांनी दार लावून घेतलं. मी पुढच्या खोलीत येऊन मुलीला मांडीवर घेऊन बसलो आणि झुंबराकडे बघत राहिलो. इतक्या सुखात मी लग्नानंतर पहिल्यांदाच होतो. वत्सला ट्रंक उघडत होती. तिला मी म्हणालो, "बघ, कसा झकास लागलाय!" ती म्हणाली, "हं." आणि त्याच क्षणी दिवा पिवळा झाला. मग नारिंगी. मग निखाऱ्यासारखा लाल.

मुलीला वत्सलेकडे देऊन मी मागे पळालो. इंजिन धापा टाकत होतं. पिंपाला हात लावला तर चटका! अर्ध्या तासात एवढं पिंप तापवलं म्हणजे काय ताकद असेल इंजिनात! खरं सांगतो, त्या संकटातही मला क्षणभर स्वतःचा अभिमान वाटला. मग मी घराला वळसा घालून पुढच्या विहिरीवर गेलो, दोन बादल्या शेंदल्या आणि पळत येऊन पिंपात ओतल्या. इंजिन सुधारलं. टुक टुक टुक! आणि भिंतीपलीकडून अप्पांची आरोळी आली.

"अगगग! गार! पाणी गार झालं की हो!"

मला वाटलं, एवढं सोसतील. मी पुढच्या खोलीत जाऊन बघितलं, दिवा लख्ख. आत अप्पांचा सूरही हळूहळू निवळला. "हां... आता बरं आहे." मी निःश्वास सोडला आणि दिवा विझला.

"ओ श्रीनिवासराव! दिवा गेला! साबण डोळ्यांत गेलाय, तांब्या सापडेना!"

पुन्हा विहीर, पुन्हा दोन बादल्या. दिवा आला. "अगगग! मेलो!" थोड्या वेळाने, "हां, हे ठीक." दिवा गेला. "अंधार! अंधार!" बादल्या. "गार! अरे, डिसेंबर आहे!" मला काही केल्या कळेना. ते खूश झाले की दिवा जात होता आणि दिवा आला की ते किंचाळत होते. मला उजेड मिळायचा तर त्यांना हुडहुडी भरायला हवी, असा काही अद्भुत नियम त्या न्हाणीघरात लागू झाला होता. चौथ्या खेपेला मी विहिरीवरून दोन बादल्या घेऊन असा धावलो की धोतराचा काष्टा सुटला. तो दातांत धरून मी पिंपाशी पोहोचलो आणि बादली ओतली. तेव्हाच समोरून, पिंपाच्या पलीकडून, वाफाळतं तपेलं पिंपात उपडं झालं.

वाफेआड अक्का उभी होती.

काष्टा दातांत असल्यामुळे मला पहिल्यांदा बोलता येईना. "अक्का!" मी म्हणालो. "तू काय करतेस?"

"पाणी तापवते रे. तुझं यंत्र आज पार थकलंय. व्याह्यांना कोमट पाणी द्यायचं? तुझी अब्रू जाईल की! म्हणून चुलीवर आधण ठेवलंय आणि स्वल्प स्वल्प घालते, कुणाला कळू नये म्हणून. तू काय करतोस?"

"गार करतोय!"

"गार? अरे, पाणी तापवायचं यंत्र ना हे?"

"नाही गं! दिव्याचं यंत्र आहे! पाणी गार राहिलं तर दिवा लागतो!"

"मग मला तापवायचं म्हणून का सांगितलंस?"

"तू करू दिलं नसतंस म्हणून!"

"आणि व्याह्यांना काय सांगितलंस?"

"सरकारी वीज आली म्हणून!"

हे सगळं आम्ही ओरडून बोलत होतो. भिंतीत, आमच्या डोक्यावर, न्हाणीघराचा झरोका होता. त्यातून साबणाच्या वासाची वाफ येत होती, आणि आत एकदम कमालीची शांतता पसरली होती. तांब्याचाही आवाज नाही. मग वर्गात शेवटच्या बाकावर ऐकू जाईल अशा संथ, स्वच्छ आवाजात अप्पा म्हणाले, "श्रीनिवासराव. भूमिगत म्हणालात की हो?"

मी उत्तर देणार होतो. खरंच देणार होतो. पण मधल्या काळात आम्हा बहीण-भावांच्या सेवेने पिंप काठोकाठ भरलं होतं. अक्काने घाबरून हातातलं उरलेलं आधणही त्यात ओतून टाकलं, आणि पिंपाने आपलं जास्तीचं पाणी शेजारी, नेमकं पेटत्या स्टोव्हवर सोडलं. फुस्स्स! स्टोव्ह विझला, इंजिन थांबलं आणि आमच्या घरची पहिली वीज कायमची गेली.

काळोखात कंपाउंडावर एक कंदील उगवला. आरडाओरडा ऐकून नंजुंडय्या आले होते. "एनाय्तु सार? काय झालं?" असं विचारताना ते काळजीने हसले. तेवढ्यात न्हाणीघराचं दार उघडून अप्पा बाहेर आले. कमरेला ओला पंचा, डोक्यावर साबणाचा फेस, थंडीने अंग लटलटतंय. त्यांनी कंदिलाच्या उजेडात नंजुंडय्यांचे दात बघितले. वरचे सगळे. खालचे सगळे. बत्तीसच्या बत्तीस.

"सुपारी कुटतात ते हेच का?" त्यांनी मला विचारलं.

मी मान खाली घातली. आता थापा मारायला जागाच उरली नव्हती. "अप्पा, चुकलं माझं. सगळं खोटं सांगितलं. दिवा लागला नाही तर तुम्ही यांना पाठवणार नव्हता. मला माझी मुलगी घरी हवी होती हो."

अप्पांनी कमरेचा पंचा सावरला. ते विरघळतायत असं मला वाटलं. पण विरघळत होता तो फेस. तो भुवईवरून पुसत ते म्हणाले, "ते मला समजतं. पण वीज नाही ती नाहीच. सबब उद्याच्या गाडीनं वत्सला माझ्याबरोबर परत येईल."

माझ्या हातातली बादली खाली पडली. अक्का पदर तोंडाला लावून रडायला लागली. "माझ्यामुळे झालं रे सीनू," म्हणायला लागली, आणि तिचं रडू बघून मला माझ्या थापांची जेवढी लाज वाटली तेवढी अप्पांसमोरही वाटली नव्हती.

तेव्हा मागच्या दारात वत्सला येऊन उभी राहिली. कडेवर मुलगी, हातात कंदील.

"मी नाही येणार अप्पा."

"का बरं?"

"इथे वीज नाही हे मला धारवाडलाच ठाऊक होतं. यांचं ते 'वीज आली' म्हणून पत्र आलं ना, त्या कागदाला रॉकेलचा वास येत होता."

अप्पांनी पुन्हा भुवईवरचा फेस पुसला. "मग माहीत असून आलीस कशाला?"

"म्हणूनच तर आले!" वत्सला म्हणाली. "एवढे दिवस एकटे सोडले तर यांनी हे केलं. सरकारी दिवा लागेपर्यंत आणखी सहा महिने सोडले तर मी परत यायला घर तरी राहील का?"

कंपाउंडावरून नंजुंडय्यांनी एका हाताने कंदील सावरत दुसरा हात जोडल्यासारखा छातीशी नेला. "अम्मा, इल्ले इरी," ते कळवळून म्हणाले. इथेच राहा. "दयविट्टु इरी!" कृपा करून राहा!

अप्पांनी एकदा पिंपाकडे बघितलं, एकदा सुटलेल्या काष्ट्यासकट माझ्याकडे बघितलं. चाळीस वर्षं शाळा चालवलेला माणूस तो. वांड पोराला वर्गात एकटं ठेवून जाऊ नये हे त्यांना कुणी शिकवायला नको होतं.

"खरं आहे," ते म्हणाले. "साप-विंचवांना भिऊन काय उपयोग! अक्का, चुलीवर अजून पाणी आहे का हो? डोक्याचा साबण तसाच आहे."

अक्काने डोळे पुसत शेवटचं तपेलं आणलं, आणि वत्सलेच्या कंदिलाच्या उजेडात अप्पांची आंघोळ एकदाची पुरी झाली. शुक्रवारी ते एकटे परत गेले. जाताना दारापासून टांग्यापर्यंत पाय अगदी नेहमीसारखे टाकत गेले.

इतरांच्या बायका ओढीने सासरी परततात. माझी परतली ती वस्तीच्या संरक्षणासाठी. मला त्याचं काही वाटत नाही. परतली हे महत्त्वाचं. अजूनही मी हातात पक्कड घेतली की वत्सला असेल ते काम टाकून माझ्याशेजारी येऊन उभी राहते आणि पक्कड खाली ठेवीपर्यंत हलत नाही. येणारे-जाणारे बघतात आणि म्हणतात, या वयातही काय प्रेम आहे हो दोघांचं! थापा मारणं मी त्या गुरुवारीच सोडलं. तेव्हा अशा वेळी मी काहीच बोलत नाही, नुसता लाजतो.